बीजाणूवरच्या रेषा

सरांचा फोटो पेपरात आला त्या सकाळी मी मुरुमला घरी होते. माझे वडील, अप्पा, वायरमन. एका लग्नघराला माळा लावताना शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मी तेव्हा धाराशिवला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहत होते. निरोप मिळाला तशी निघून आले होते आणि घरी येऊन पाचवा आठवडा चालू होता. अव्वानं, म्हणजे आईनं, शेजारच्या दुकानातून पेपर आणला आणि माझ्यापुढं धरला. “निम्म सर, नोड,” म्हणाली. तुझे सर बघ. आमच्या घरात अर्धं बोलणं कानडीत चालतं. तिला वाटलं, मला आनंद होईल.

फोटोत सरांच्या तळहातावर माझी पेटी होती.

पेटी म्हणजे अप्पांच्या सामानातला प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, भिंतीत वायरी जोडायला बसवतात तो. मुठीएवढा. मी त्याला आतून काळा रंग दिला होता. रंगाचा एक ओघळ बाहेर आला होता, तो फोटोतसुद्धा दिसत होता. सरांच्या शेजारी माझी रूममेट उभी होती, नव्या ड्रेसमध्ये, हात पुढं बांधून. तळहातावर मावणारा, भिंग नसलेला मायक्रोस्कोप आमच्या कॉलेजात तयार झाला, अशी बातमी होती आणि खाली दोघांची नावं होती. मी ती पुन्हा वाचली.

अप्पांनी पडल्या पडल्या विचारलं, “तुझं नाव कुठाय?”

“पुढच्या पानावर असंल,” मी म्हटलं आणि पेपर घडी करून ठेवला.

ती पेटी मी का केली, तेही सांगते. आमच्या विभागात एक चांगला मायक्रोस्कोप होता आणि तो कायम कुलपात असायचा. तपासणीला कुणी येणार असलं की निघायचा. एकदा मी किल्ली मागितली तर विभागातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, मुलींच्या हातनं लेन्स पडते. त्याच आठवड्यात मी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वाचलं, की मोठमोठ्या लॅबमध्ये लोक भिंगाशिवाय, नुसत्या चिपवर मायक्रोस्कोप बनवायच्या मागं लागलेत. तळाला मोबाईलच्या कॅमेऱ्यात असते तसली चिप. तपासायची वस्तू थेट तिच्यावर ठेवायची. वरच्या बाजूला बारीक दिव्यांची जाळी. एकेक दिवा लावायचा आणि चिपवर पडणारी सावली टिपायची. दिवा बदलला की सावली किंचित सरकते, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. चौसष्ट दिव्यांच्या चौसष्ट सावल्या कॉम्प्युटरनं नीट एकमेकींत बसवल्या, की एकट्या सावलीत जे दिसत नाही ते दिसायला लागतं. मी ठरवलं, त्यांच्या कुलपातल्यापेक्षा बारीक बघीन.

पहिली अडचण चिपची. कॅमेऱ्यातली चिप उघडी करायची म्हणजे तिच्यावरची लेन्स आणि काच काढायची, आणि खाली नख जरी लागलं तरी ती जाते. धाराशिवच्या एसटी स्टँडसमोर एक मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले चाचा साठीचे होते, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून काम करायचे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटी, हे घाईचं काम न्हाय. गरम हवा बाजूनं द्यावी लागती. वरून दिली की चिप मेली.” तीन चिपा मेल्या. चौथी जगली. पुढं मी द्राक्षाच्या पानावरची डाऊनी, म्हणजे पानाच्या पाठीवर येणारी पांढरी बुरशी, त्या चिपवर ठेवली आणि लॅपटॉपवर तिचे बीजाणू चाचांना दाखवले, तेव्हा त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. “एवढं सगळं एका पानावर ऱ्हातंय व्हय?” म्हणाले.

सर माझे गाईड होते. ते वाईट शिकवत नव्हते. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे. माझ्या कामात त्यांचा भाग इतकाच, की दर शनिवारी मी लॉगबुक त्यांच्यापुढं ठेवायचे आणि ते खाली सही करायचे. वाचायचे नाहीत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन.

त्या ऑक्टोबरात माझ्याकडून एक चूक झाली. प्रोग्राममध्ये दोन दिव्यांमधलं अंतर मी चुकीचं टाकलं. त्यातून जी चित्रं आली ती विलक्षण देखणी होती. लिंबाच्या आकाराचे बीजाणू आणि त्यांच्या अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक, सरळ रेषा. एक दिवस मी हवेत होते. दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून, ज्या पातळ काचेवर बीजाणू घेऊन चिपवर ठेवायचे ती काच नुसती रिकामी ठेवली, तर तिच्यावरही त्याच रेषा. त्या बीजाणूच्या नव्हत्याच. चिपचे जे बारीक चौकोन असतात त्यांची ती छाप होती, सावल्या चुकीच्या बसवल्यामुळं उठलेली. मी अंतर पुन्हा मोजलं, प्रोग्राम दुरुस्त केला. मग खरी चित्रं आली. गुळगुळीत, साधी, बघणाऱ्याला फारशी न भुलवणारी. लॉगबुकात मी लाल पेनानं लिहिलं: या संचातल्या सर्व प्रतिमा चुकीच्या आहेत, रेषा चिपच्या आहेत, कुठंही वापरू नयेत. शनिवारी सरांना तोंडानंही सांगितलं. त्यांच्या कानाला फोन होता. त्यांनी कळलं अशा अर्थानं हात वर केला आणि सही केली.

महिन्याभरात अप्पा पडले. मी निघताना लॉगबुक सोबत नेलं, घरी बसून प्रबंध लिहायचा म्हणून. पेटी आणि कॉम्प्युटरवरची चित्रं, जुन्या-नव्या दोन्ही प्रोग्रामसकट, लॅबमध्येच राहिली.

अप्पा कुबड्या घेऊन उभे राहिल्यावर मी परत गेले. आधी सरांच्या केबिनमध्ये. त्यांनी बसायला सांगितलं, अप्पांची चौकशी केली, चहा मागवला.

“सर, माझं नाव नाही,” मी म्हटलं.

“आहे की. आभारात बघ.” त्यांनी छापलेला शोधनिबंध पुढं सरकवला. “काम थांबवता येत नव्हतं. तू कधी येशील याचा भरवसा नव्हता. संशोधन हे सगळ्यांचं मिळून असतं.”

आभारात माझं नाव होतं. प्रयोगशाळा परिचरानंतर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यानंतर. पुढं लिहिलं होतं, किरकोळ साहाय्य.

मी पानं उलटत राहिले, कारण मान वर केली असती तर रडले असते. चौथ्या पानावर मुख्य चित्र होतं. लिंबाच्या आकाराचा बीजाणू आणि त्याच्या अंगावर बारीक, सरळ रेषा. खाली मजकूर होता, की इतक्या लहान यंत्रातून डाऊनीच्या बीजाणूवरच्या या रेषा प्रथमच दिसल्या आहेत.

माझं रडू तिथंच आटलं. मी चहा संपवला, “बरं सर,” म्हटलं आणि बाहेर आले.

खोलीवर रूममेट उशीचा अभ्रा बदलत होती. आम्ही दीड वर्ष एका खोलीत राहिलो होतो, एका किटलीतला चहा प्यालो होतो. तिला प्रोग्राम चालवायला मीच शिकवलं होतं, माझ्याशेजारी बसवून.

“तुझ्या नावाचं मी विचारलं होतं सरांना,” ती म्हणाली.

“मग?”

“म्हणाले, ती परत येते का नाही कुणास ठाऊक. तू सही कर.”

“आणि तू केलीस.”

ती अभ्रा तसाच हातात धरून उभी राहिली. “माझा प्रोजेक्ट बुडाला होता गं. तुला माहितीय.”

मला माहीत होतं. दोन दिवसांनी मी आमच्या दोघींसाठी चहा केला आणि तिला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्यानंतरचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत महिने होते. मी वेळेवर जेवायचे, वेळेवर लॅबमध्ये जायचे, सर दिसले की नमस्कार करायचे. ते चित्र खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं आणि त्याचा पुरावा माझ्या ट्रंकेत, स्वेटरखाली होता. कधी कधी दुपारी खोलीत कुणी नसताना मी लॉगबुक काढून त्या पानावरची सरांची सही बघायचे. त्यांची सही सुंदर होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. ती बघितली की मला भूक लागायची. विभागप्रमुखपदासाठी सरांचं नाव पुढं होतं. विद्यापीठातून तज्ज्ञांची समिती येऊन यंत्र बघणार असं ठरलं. मी सरांना त्या वेळी सांगितलं असतं तर त्यांनी निबंधात दुरुस्ती पाठवली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. मी वाट बघितली. जितके वर चढतील तितकं बरं, असं मी मनात म्हणायचे, याच शब्दांत.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात रूममेट पोस्टर बनवत होती. लॅपटॉप माझ्याकडं वळवून तिनं विचारलं, “हाच फोटो मोठा करून घेऊ ना मध्ये?”

रेषांचा फोटो होता. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. मी ऑक्टोबरात तिला फक्त चित्रं दाखवली होती, चूक सांगितली नव्हती. चूक कळली तेव्हा ती घरी गेलेली होती. आता सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

“हाच घे,” मी म्हटलं. “रेषा छान दिसतायत.”

समितीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सरांनी तामलवाडीकडचे द्राक्षबागायतदार बोलावले होते. शेतकऱ्यांच्या उपयोगाचं यंत्र आहे हे समितीला दिसावं म्हणून. मी चाचांना बोलावलं होतं. ते दुकान अर्धा दिवस बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्याशेजारी बसले. समितीत एक वयस्कर बाई होत्या, पिकांच्या रोगांवर काम केलेल्या. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, पोस्टरजवळ जाऊन चष्मा वर करून बराच वेळ बघत होत्या.

सर तासभर बोलले. मग रूममेटनं प्रत्यक्ष करून दाखवलं. कॉम्प्युटरवर जुना, चुकीच्या अंतराचा प्रोग्राम होता. निबंधातल्यासारखंच चित्र यायला हवं असं सरांनी तिला बजावलं होतं, आणि तसं चित्र त्याच प्रोग्राममधून येत होतं. पेटीतले दिवे एकामागून एक लागले, पडद्यावर बीजाणू आला. रेषांसकट. टाळ्या पडल्या.

“कुणाला काही विचारायचंय?” सर म्हणाले.

मी उभी राहिले.

“ही आमचीच विद्यार्थिनी,” सर समितीकडं बघून हसले. “विचार.”

“सर, तीच काच काटकोनात फिरवून परत ठेवून दाखवता का?”

“त्यानं काय होणार?”

“बीजाणू आडवा होईल. त्याच्या अंगावरच्या रेषाही त्याच्याबरोबर आडव्या व्हायला हव्यात.”

सरांना अजून कळलं नव्हतं. रूममेटला कळलं. ती मला ओळखत होती. चिमट्यात काच धरून तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. तिला नाही म्हणता आलं असतं, वायर हलली म्हणता आलं असतं. तिनं काच फिरवली आणि ठेवली.

चौसष्ट दिवे एकेक करून लागले. पडद्यावर बीजाणू आडवा झाला होता. रेषा उभ्याच होत्या.

“पुन्हा करा,” त्या वयस्कर बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच.

“आता रिकामी काच ठेवा.”

रिकाम्या काचेवर, कुठंच बीजाणू नसताना, सभागृहभर मोठ्या झालेल्या त्या सरळ रेषा उमटल्या. मागं कुणीतरी हसलं.

“ही एक तांत्रिक बाब आहे,” सर म्हणाले. “यंत्र जुळवताना असं कधी कधी होतं. आम्हाला आज प्रथमच…”

मी पुढं गेले आणि लॉगबुक बाईंच्या समोर उघडून ठेवलं. त्यांनी लाल अक्षरातला मजकूर मोठ्यानं वाचला. तारीख वाचली. मग बोट खाली सरकवून विचारलं, “ही सही कुणाची?”

सर वाकून बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला जवळून दिसत होता.

“माझी,” ते म्हणाले.

मला तेव्हा काय वाटलं ते मी झाकून ठेवणार नाही. मला आनंद झाला. छातीत मावेना इतका. चार महिने जे रोज थोडं थोडं चाखत होते ते एकदम ताटात पडलं. सरांनी खुर्ची धरली, तेव्हा मनात आलं, धरू देत. किरकोळ साहाय्य करणारीनं आज एवढं साहाय्य केलं.

समितीचे लोक आत चर्चेला गेले आणि मी व्हरांड्यात आले. रूममेट खांबाला टेकून उभी होती. रडून झालं होतं.

“तू मला आधी सांगू शकली असतीस,” ती म्हणाली.

“तूपण.”

“मी विचारलं होतं तुला. पोस्टरच्या वेळी. मी विचारलं होतं.”

मी तिथून निघाले. पायऱ्यांवर तामलवाडीचे एक बागायतदार टोपी सारखी करत उभे होते. त्यांनी मला थांबवलं.

“ताई, म्हंजी हे मशीनच खोटं हाय व्हय?”

“नाही काका, मशीन खरं आहे. ते एक चित्र खोटं होतं. प्रोग्राम बदलला की…”

“आमी आपलं डोळ्यानं बघितलं,” ते म्हणाले. “मोकळ्या काचेवरबी रोग दावतंय. असलं काय कामाचं?” आणि सोबतच्यांना घेऊन गेले. मी मागून हाक मारली. कुणी वळलं नाही.

चाचा थोडं अंतर ठेवून उभे होते. मला वाटलं, ते शाबासकी देतील. ते म्हणाले, “सरांची खोड मोडलीस, ते लई बरं झालं. पण चिप खरी होती ना बेटी? मग लोक खोटी का म्हनायलेत?” मी समजावलं. त्यांनी मान हलवली आणि दुकानाकडं चालू लागले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की सरांना पाडताना मी माझीच पेटी त्यांच्या हातात ठेवून पाडली होती. तरीही, पुन्हा तो दिवस आला असता तर मी हेच केलं असतं.

निबंध मागं घेतला गेला. विभागप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. रूममेटनं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. मी वर्गात असताना तिचे भाऊ येऊन सामान घेऊन गेले. किटली ती ठेवून गेली. मी ती हॉस्टेलच्या मावशींना देऊन टाकली.

पुढचं दीड वर्ष मी लोकांनी खोटी ठरवलेली पेटी खरी करण्यात घालवलं. दर रविवारी एसटीनं तामलवाडी. सुरुवातीला कुणी बागेत येऊ देईना. मग एका बाईंनी येऊ दिलं, नवरा दुबईला होता आणि बाग त्या एकट्या बघायच्या. मी पानं धुऊन त्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन चिपवर ठेवायचे, त्यांना पडदा दाखवायचे आणि त्यांच्याच हातानं काच फिरवायला लावायचे. “फिरवा काकू, अजून फिरवा.” बीजाणू फिरला की त्या समाधानानं बघायच्या. पानावर पांढरं दिसायच्या आधी तीन दिवस पेटीनं एकदा डाऊनी दाखवली, त्यांनी वेळेत फवारणी केली आणि शेजारच्या बागेपेक्षा त्यांची पानं हिरवी राहिली. त्यानंतर ते टोपीवाले काका स्वतःहून आले. त्यांनी झाल्या गोष्टीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. माझं काम माझ्या नावानं छापून आलं. अव्वानं ते पान देवघरात, शंकराच्या तसबिरीमागं ठेवलं.

रूममेट मला एकदाच दिसली, नळदुर्गच्या स्टँडवर. ती सोलापूरच्या गाडीत चढत होती, मी उतरत होते. तिनं ओळखलं. काही म्हणायला तोंड उघडलं, मागच्या लोकांनी तिला आत ढकललं. मी खिडकीपाशी जाऊ शकले असते. गाडी सुटेपर्यंत मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले. सरांबद्दल मला कधीच झोप उडवणारं काही वाटलं नाही. तिच्याबद्दल वाटतं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाचं बोलावणं सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना होतं, मलाही आलं. मी गेले. चांगली इरकल नेसून गेले आणि मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. सर वीसेक मिनिटं बोलले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. समोर बघितलं नाही.

जेवणाच्या वेळी ते ताट घेऊन माझ्या जवळ आले. केस पूर्ण पांढरे झाले होते.

“घरी सगळे बरे?” त्यांनी विचारलं.

“बरे आहेत.”

“वडील?”

“चालतात. काठी लागते.”

ते तिथंच उभे राहिले. मी एखादं वाक्य बोलले असते, काहीही, ऊन फार आहे एवढं जरी, तरी त्यांना सोपं गेलं असतं. त्यांना ते हवं होतं, मला दिसत होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवत राहिले. थोड्या वेळानं ते दुसऱ्या टेबलाकडं गेले.

वाढणारा आला. आमटी चांगली झाली होती. मी आणखी घेतली.